विनापरवाना साधेपणा

अब्दुस्समद कतारहून कायमचे परत आले, तेव्हा आपल्याच घरात त्यांना बाथरूमच्या दिव्याचं बटण सापडेना. बटण दाराबाहेर होतं आणि एकाच पट्टीवर इतकी बटणं होती, की एक दाबलं की दिवाणखान्यातलं झुंबर पेटायचं आणि दुसरं दाबलं की वरच्या मजल्यावर कुठेतरी पंखा फिरायला लागायचा. शेवटी ते अंधारातच आत गेले. हे घर त्यांनीच बांधलं होतं. फक्त फोनवरून.

आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीला फेरीबोट सुटते, त्याच्या थोडं अलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. तिथे अशी घरं बरीच आहेत. बाहेरून पिस्ता नाहीतर गुलाबी रंग, पुढे दोन जाडजूड खांब, वर गच्ची आणि आत सात-आठ खोल्यांमध्ये एक-दोन बायका. पुरुष आखातात.

गाव त्यांना समदभाई म्हणायचं. तिकडे ते एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत सहा जण राहायचे. प्रत्येकाला एक खाट, भिंतीत दोन खुंट्या आणि खाटेखाली एक पेटी. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी अशी काढली. गावात त्या खाटेची फार कीव केली जायची. 'समदभाईनं घरादारासाठी काय काय सोसलं,' असं वडीलधारी माणसं आपल्या पोरांना ऐकवायची. ऐकून ऐकून समदभाईंनाही वाटायला लागलं होतं, की आपण पुष्कळ सोसलं.

घरी येऊन दोनेक महिने झाले आणि भलतंच लक्षात आलं. मोठ्या पलंगावर त्यांना झोप येईना. सोफा इतका खोल होता की पाठ टेकली की पाय जमिनीवरून उचलले जायचे. कपाट उघडलं की कुठला सदरा घालायचा याचा विचार करावा लागायचा. तिकडे चार सदरे होते, त्यातले तीन धुवायला पडलेले असायचे, त्यामुळे हा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. स्टोअरकीपरच्या नजरेनं ते घरभर हिंडायचे आणि मनात म्हणायचे, इथं शिल्लक माल फार झालाय.

त्यात शहनाज. त्यांची बायको त्या घरात इतकी वर्षं एकटीनं नांदली होती. सकाळची नमाज, मग कोंबड्या, मग मागच्या पायरीवर बसून निवांत चहा, मग शेजारणी. असा तिचा दिवस ठरलेला होता. आता चहाच्या वेळी नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा, "काय करतेस?"

"चहा पितेय," ती म्हणायची. एकदा, दोनदा म्हणाली. मग एक दिवस म्हणाली, "अवो, तुमी बाहेर कुठं जात नाय?"

दिवाळीनंतर पोफळीवरची सुपारी उतरवायला घेतली. घराच्या खाली, खाडीकडे उतरताना समदभाईंच्या वडिलांची सुपारीची वाडी आहे. सुपारी सुकत घातली की माकडांपासून राखायला कुणीतरी वाडीत झोपावं लागतं. एक रात्र मी जातो, म्हणून समदभाई चटई आणि बॅटरी घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत.

वाडीत वडिलांनी बांधलेलं एक खोपटं होतं. जांभ्याच्या दगडाच्या चार भिंती, वर कौलं, एक दार, एक खिडकी. आत दोर, टोपल्या आणि कोयते पडलेले असायचे. समदभाईंनी ते सामान एका कोपऱ्यात लावलं, भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या, घरून एक जुनी खाट आणली आणि पहिल्याच रात्री त्यांना अशी झोप लागली, की सकाळी रावजीला येऊन हाका माराव्या लागल्या. रावजीची वाडी बांधाला लागून होती. लहानपणी दोघं एकाच पाटात डुंबलेले.

"समदभाय, भाबीनं हाकललं काय?" रावजीनं विचारलं.

"नाय रे. मीच आलो."

"असं समदेच म्हंत्यात," रावजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शहनाज तरातरा उतरून आली. दारात उभी राहून म्हणाली, "घरी येताय, का जेवण इथं पोफळीला वाढू?"

"आणू नको. मी शिजवलंय."

ती आत डोकावली. तीन दगडांच्या चुलीवर भात होता, मसूरची आमटी होती आणि खाडीतल्या कोलंबीचं सुकं होतं. कॅम्पात पाळीपाळीनं स्वयंपाक असायचा आणि समदभाईंच्या पाळीची बाकीचे पाच जण वाट बघायचे, हे तिला ठाऊक नव्हतं. फोनवर ते असलं काही बोलत नसत. फोनवर ते फरशीचा रंग विचारत.

त्यांनी तिला थाळी वाढून दिली. ती खाटेच्या कडेला बसून जेवली. लग्न होऊन सासरी आल्यापासून तिच्या पुढ्यात दुसऱ्या कुणी शिजवून ताट ठेवल्याचं तिला आठवेना.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि आणखी भात घेतला.

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. जेवायची, थोडा वेळ बसायची. मग आपल्या घरी जाऊन आपल्या पायरीवर आपला चहा प्यायची. समदभाई वाडीत आळी करायचे, पाट साफ करायचे, नाहीतर नुसते बसून राहायचे. हौदाच्या कडेला एक खंड्या पक्षी येऊन बसायचा आणि त्यांच्यासारखाच तासन् तास काही करायचा नाही. वरून विरी, म्हणजे पोफळीची सुकलेली झावळी, सुटली की धप्पकन पडायची, एवढाच काय तो आवाज. कॅम्पातल्या खिडकीतून शेजारच्या खोलीचा एसी दिसायचा आणि ते त्या एसीकडे बघून गावाचा विचार करायचे. तेव्हा गाव म्हणून डोळ्यांपुढे जे यायचं ते नवं घर नव्हतं, हे होतं, असं आता त्यांच्या ध्यानात आलं.

म्हणजे नवरा-बायको दोघंही खूश होती. पण गावाला ते बघवेना.

शहनाजनं नवऱ्याला बाहेर काढला, अशी पहिली बातमी झाली. मुलानं काढला, ही दुसरी. तिकडे नोकरीत काहीतरी लफडं केलं म्हणून तोंड लपवून बसलाय, ही तिसरी, आणि ती सगळ्यांना पटली. शेवटी जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आणखी दोघांना घेऊन वाडीत आले. खाट एकच होती, ती त्यांना देऊन समदभाई जमिनीवर बसले. त्यामुळे तर सदरांना फारच वाईट वाटलं.

"समद, तीस वर्षं तू पत्र्याच्या खोलीत काढलीस. आता अल्लाच्या मेहेरबानीनं एवढं घर हाय, तर हे काय?"

"चाचा, पत्र्याच्या खोलीत राहत होतो तवा तुमी त्याला कुर्बानी म्हणत होता."

"ती कुर्बानीच होती. नाइलाज होता तुझा. आता मर्जीनं करतोस म्हणजे डोक्यात बिघाड हाय."

 समदभाईंनी त्यांना बिनदुधाचा चहा दिला. त्यांनी तो दुःखानं प्याला.

मुलगा हुझैफा बापाच्याच वशिल्यानं कतारला लागलेला, पण बापासारखा स्टोअरमध्ये नाही, एसी ऑफिसात. तो रोज व्हिडिओ कॉल करायचा. "अब्बा, माझे दोस्त विचारतात मला. काय सांगू मी त्यांना?" बाप ऐकत नाही म्हटल्यावर त्यानं तिथूनच बापाच्या नावानं ऑनलाइन वस्तू मागवायला सुरुवात केली. आधी गादी आली. मग सोलरचा दिवा, मग डासांचं यंत्र, मग घडीची खुर्ची, मग कूलर. खोकी घेऊन येणारी माणसं पत्ता विचारत चिखलातून वाडीत उतरायची आणि सही मागायची. साधेपणानं राहायला लागल्यापासून समदभाईंकडे जेवढं सामान आलं, तेवढं त्यांनी आयुष्यात वापरलं नव्हतं. ते सगळं त्यांनी रावजीला देऊन टाकलं. रावजीचा गोठा त्या पंचक्रोशीतला पहिला कूलर असलेला गोठा झाला.

मग एक दिवस तलाठी आल्या. गावाला नवीनच होत्या, वयानं पंचविशीच्या. नाव क्रांती. आतल्या बाजूच्या, भातशेतीवाल्या घरातली मुलगी, परीक्षा देऊन लागलेली. चप्पल हातात घेऊन पाट ओलांडून त्या आल्या आणि खोपट्याकडे बघून थोड्या ओशाळल्या.

"चाचा, हे बांधकाम तुमचं?"

"माझ्या बापाचं. आता माझं."

"ऑनलाइन तक्रार आलीय. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्याच्या राखीव पट्ट्यात, विनापरवाना बांधकाम आणि त्यात रहिवास. नोटीस द्यायला लागतेय मला. सात दिवसांत स्वतःहून काढा, नाहीतर पंचनामा करून पाडावं लागेल."

समदभाईंनी नोटीस वाचली. खोपट्याचं वर्णन त्यात 'निवासी स्वरूपाची पक्की इमारत' असं केलं होतं. मग त्यांनी पोफळींच्या वरून पलीकडे बोट दाखवलं. तिकडे वाळूतच उभं राहिल्यासारखं गावातल्या रितेशचं तीन मजली रिसॉर्ट दिसत होतं, गच्चीवर निळ्या दिव्यांची माळ.

"ते?"

"त्यांची फाइल वेगळी आहे," क्रांती म्हणाली. म्हणताना तिनं नजर खाली वळवली.

समदभाई कधी कुणाशी भांडलेले नव्हते. कॅम्पात फोरमननं शिवी दिली तरी ते गोण्या मोजत राहायचे. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाय, मी हे मोडणार नाय. तुमी मोडा. मी आत बसून राहीन, मला तुरुंगात न्या. तिथं तरी एका माणसाला एकच खाट देत असतील."

"असं नका बोलू चाचा," क्रांती घाबरून म्हणाली. "तुरुंगात न्यायला फार कागद करावे लागतात."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी रितेश स्वतः वाडीत आला. रितेश गावचाच, पण मुंबईत राहून आलेला. पांढरी पँट घालून तो चिखलात उतरला यावरूनच कळलं की काम मोठं असणार.

"चाचा, मान गये! अख्ख्या किनाऱ्यावर एक मर्द निघाला. आता टेन्शन नाय घ्यायचं. मी आहे तुमच्या मागे. आपण लढू."

"मला लढायचं नाय. मला राहायचंय."

"तेच! तेच आपलं घोषवाक्य," रितेश म्हणाला आणि त्यानं ते लगेच कुणाला तरी फोन करून सांगितलं.

चार दिवसांत वाडीच्या तोंडाशी मांडव पडला. बॅनरवर समदभाईंचा पासपोर्टचा फोटो मोठा करून छापला होता आणि खाली 'आम्हाला राहायचंय' असं लिहिलं होतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांची एक संघटना निघाली आणि तिनं समदभाईंना मार्गदर्शक केलं. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. जनरेटर आला. खंड्या गेला. साखळी उपोषण सुरू झालं. साखळी एवढी लांब होती की प्रत्येकाच्या वाट्याला दोन जेवणांच्या मधला वेळच काय तो यायचा, आणि उपोषण सोडलं की माणसं रिसॉर्टच्या बुफेला जायची. चहा कागदी कपांतून यायचा. संध्याकाळी मांडव रिकामा झाला की समदभाई पाटातून ते कप वेचून काढायचे.

पण खोटं कशाला बोला, त्यांना हे सगळं आवडलंही. ज्या सदरांना त्यांच्या डोक्यात बिघाड दिसला होता, ते आता पहिल्या खुर्चीत बसून सांगत होते, "समद लहानपणापासून असाच. कुणाला भ्यायचा नाय." युट्यूबवर बातम्या देणाऱ्या एका मुलीनं त्यांना विचारलं, चाचा, एवढ्या साधेपणानं राहायची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली? समदभाई म्हणाले, बाथरूमचं बटण सापडत नव्हतं. तिनं ते वगळलं आणि त्यांचा हात उंचावलेला फोटो लावला. फोटोत ते खरं तर डास मारत होते.

शहनाज दुपारी यायची ती आता मांडवाला वळसा घालून, मागच्या बांधावरून. एवढ्या माणसांत नवऱ्याच्या हातचं जेवायला तिला लाज वाटायची. एक दिवस ती म्हणाली, "घरात गर्दी होती म्हणून तुमी इथं आला. आता इथं गर्दी झाली. आता कुठं जाणार, दिघीला?"

तेवढ्यात हुझैफाचा कॉल आला. त्यानं बातमी बघितली होती आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"अब्बा, हे एवढं वाढेल असं वाटलं नव्हतं मला."

"तुला कशाला काय वाटायचंय?" शहनाज मागून म्हणाली. मग थांबली. आईच ती. फोन तिनं आपल्या हातात घेतला. "हुझैफा. माझ्याकडे बघ. तक्रार कुणी केली?"

पडद्यावर पोरानं मान खाली घातली.

"मला वाटलं, नोटीस आली की अब्बा घरी जातील," तो म्हणाला. "मोबाइलवरून केली. दोन मिनिटांत होते. मला काय माहीत ते खरंच येतील."

शहनाजनं त्याला अशा काही शिव्या घातल्या की मांडवातल्या लोकांनी माना वळवल्या. समदभाई मात्र हसायलाच लागले. आपल्या देशात सरकारनं आपल्या घरातल्या कुणाच्या अर्जाची एवढ्या तातडीनं दखल घेतली, याचं त्यांना नवल वाटलं. रात्री खाटेवर पडल्यावर मात्र हसू आलं नाही. आपण पोराला तिकडे नेऊन नोकरीला लावलं, आणि त्यानं तिथून बापाचं छप्पर काढायला माणूस पाठवला. तोही प्रेमानं. प्रेमाशी कसं भांडायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

रितेशनं नोटिशीविरुद्ध अर्ज केला होता, त्याची सुनावणी तालुक्याला होती. रितेशनं तीन गाड्या केल्या. समदभाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्या गळ्यात एक मळकट पंचा घालायला दिला, तो त्यांचा नव्हता. ऑफिसात तहसीलदार साहेबांपुढे क्रांती फाइल घेऊन उभी होती. रितेशनं आणलेला वकील उठला. आवाज गोड होता.

"साहेब, अब्दुस्समद हे गरीब, वृद्ध भूमिपुत्र आहेत. माणुसकीच्या दृष्टीनं त्यांच्या बांधकामाला संरक्षण मिळावं. आणि जे संरक्षण त्यांना मिळेल, तेच त्याच पट्ट्यातल्या इतर सर्व बांधकामांना मिळावं, एवढीच नम्र विनंती."

'इतर सर्व' हे शब्द समदभाईंच्या कानात अडकले. त्यांनी शेजारी बसलेल्या रितेशकडे बघितलं. रितेशनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. समदभाईंनी आयुष्यभर गेटपास तपासले होते. एका पोत्याच्या पासवर अख्खा ट्रक गेटबाहेर काढायची युक्ती त्यांनी पुष्कळदा पकडली होती. ते पोतं आपणच होऊ, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

साहेबांनी पुढची तारीख दिली. बाहेर रितेशनं पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज झाल्यावर समदभाईंनी रावजीला हाक मारली आणि शिडी मागितली. रावजीला वाटलं, कौल बदलायचं असेल. समदभाई वर चढले आणि एकेक कौल काढून खाली द्यायला लागले.

"समदभाय, याड लागलं काय? आता तर जिंकाया आलाव!"

"कोण जिंकायला आलंय ते बघितलं काल. सरकारनं पाडायचं नाय, पोरानं पाडायचं नाय आणि त्या रितेशनं वाचवायचं नाय. माझ्या बापानं बांधलं. मीच काढतो."

रावजी थोडा वेळ कौलं घेत राहिला. मग म्हणाला, "मंग ही कौलं टाकून देनार? माझ्या गोठ्याला व्हतील."

"तुझा गोठा पण सीआरझेडातच येतो रे."

"येऊ दे की. मला नोटीस कशाला येतेय? माझं पोरगं कतारला न्हाय."

मांडवात माणसं यायच्या आत छप्पर उतरलं होतं आणि भिंतीचे वरचे दगड सुटले होते. शहनाज धापा टाकत आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, नवरा भिंतीवर चढलाय.  आत जाऊन तिनं भांडी गोळा केली, खुंट्यांवरचे सदरे घेतले, खाट ओढून पोफळीखाली नेली.

"आणि चूल?" तिनं विचारलं.

"चूल बांधकाम नाय. तीन दगड हायत."

"क्रांतीबायला इचारून घ्या. दगड पक्के असतील तर?"

रितेश आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "चाचा, तुम्ही आम्हाला तोंडावर पाडलंत! आम्ही तुमच्यासाठी उपाशी राहिलो."

"माफ कर बाबा. तुझं जेवण झालंय का आता?"

"हे सरेंडर आहे. सरकारपुढे नाक घासलंत तुम्ही!"

 ज्या दिवशी ते कायदा मोडत होते, त्या दिवशी हजार माणसं त्यांच्या मागे रांगेत होती. आज पहिल्यांदा ते एकटे सगळ्यांच्या विरुद्ध गेले होते आणि ते नेमकं कायद्याला धरून निघालं. सदर तर रडायच्या घाईला आले. "खोपट्यात राहिलास तवा इज्जत घालवलीस. आता खोपटं पाडून घालवलीस. समद, एकदाच काय ते ठरव." मांडव दुपारी उतरला. खुर्च्या एकावर एक ठेवून टेम्पोत चढल्या. कप तेवढे राहिले.

क्रांती पंचनाम्याला आली, तेव्हा तिथे दगडांचा एक नीट रचलेला ढीग होता आणि खाटेवर समदभाई सुपारी फोडत बसले होते. तिनं सगळीकडे बघून लिहिलं. पोफळीखालची खाट बघून तिचं पेन थोडं अडखळलं.

"चाचा, तुम्ही इथंच झोपता?"

"खाटेला परवाना लागतो?"

"नाही. म्हणजे... विचारते," ती म्हणाली. पण ती विचारणार नव्हती, हे दोघांनाही कळलं.

आठवड्याभरात ती परत आली, या वेळी आमंत्रण घेऊन. स्वतःहून अतिक्रमण काढणारे आदर्श ज्येष्ठ नागरिक म्हणून सव्वीस जानेवारीला तालुक्याला त्यांचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ आणि साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र.

"मी येणार नाय," समदभाई म्हणाले. "मी कायदा पाळला नाय. तुमच्या कायद्यासाठी पाडलं असतं तर नोटीस आली त्याच दिवशी पाडलं असतं."

"पण रेकॉर्डला तसंच आहे, चाचा."

"मग रेकॉर्डलाच शाल घाला."

सव्वीस जानेवारीला ते खरोखरच गेले नाहीत. आयुष्यात त्यांनी सरकारला दिलेला आणि शेवटपर्यंत पाळलेला तो एकमेव साफ नकार. पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, वयोमानामुळे ते येऊ शकले नाहीत असं निवेदकानं स्वतःच्या मनानं सांगितलं, तेव्हा टाळ्या आणखी वाजल्या. शाल दुसऱ्या दिवशी कोतवालानं घरपोच केली. हुझैफानं कतारमध्ये प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला लावला, खाली लिहिलं 'माझे अब्बा'. त्याच्या दोस्तांना आता काय सांगायचं, हा प्रश्न सुटला होता. बापाला त्यानं फोन करून माफीही मागितली, आणि समदभाईंनी ती दिली, कारण पोरगा खरंच रडत होता.

रितेशला कोर्टातून स्थगिती मिळाली. खोपटं नसल्यामुळे त्याचं काही अडलं नाही. त्यानं गच्चीवर काचेचा एक मजला चढवायला घेतला. शनिवारी तिथे डीजे लागतो. पोफळी थरथरतात. त्या रात्री समदभाई गुपचूप घरी जातात, खिडक्या लावून एसीत झोपतात आणि रविवारी कुणी उठायच्या आत वाडीत परततात. शहनाजनं त्यांच्यासाठी बाथरूमच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही, कारण गावात आता समदभाईंचं नाव पुन्हा थोडं बरं झालंय. ते वाडीत राहतात ते वैद्यकीय कारणासाठी, असं सदरांनी ठरवून टाकलंय.

मार्चच्या अखेरीला क्रांती आली. तिच्या हातात पेढ्यांचा डबा होता. तिला बढती मिळाली होती, बदलीसकट. वर्षभरात तालुक्यातलं एकमेव अतिक्रमण तिच्या हद्दीत हटवलं गेलं, म्हणून.

"एकमेव?" समदभाई म्हणाले.

"रिसॉर्टचा पंचनामा मी दोनदा करून वर पाठवला चाचा. फाइल वरच आहे." तिनं खाटेच्या कडेला बसून पेढा मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. "पेढे आणायची लाज वाटत होती. पण आई म्हणाली, पहिला त्यांनाच दे."

"बरं केलंस," शहनाज म्हणाली. "बदली कुठं झाली?"

"पोलादपूरला. डोंगरात."

"तिथं समुद्र नाय गो."

"म्हणून तर मागून घेतली," क्रांती म्हणाली, आणि पेढ्याचा उरलेला अर्धा तुकडा तिनं स्वतःच खाऊन टाकला.

समदभाईंनी तिला जेवायला थांब म्हटलं. ती नको नको म्हणाली, घड्याळ बघितलं, आणि मग पाटावर जाऊन हात धुऊन आली.